मणी आणि खुंटी

नायट्रोजनच्या रेणूचा तो आलेख मी १.८ अँगस्ट्रॉमला कापला होता. पुढचे बिंदू माझ्याकडे होते. वहीत पेन्सिलीनं मांडलेले, एकेक तपासलेले. पण विभागातल्या चर्चासत्रात प्रोजेक्टरवर ठेवलेल्या ट्रान्सपरन्सीवर ते नव्हते. मागच्या रांगेतून बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "पुढं काय होतं?" मी म्हणाले, "सर, पुढची गणितं अजून चालू आहेत." गणितं संपून तीन आठवडे झाले होते.

ही गोष्ट २००२ची. पुण्यात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं. प्रकल्पाला विषय हवा म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले, तर ते एवढंच म्हणाले, "रेणूतला बंध ताणून तोडून दाखव. कागदावर." मला ते सोपं वाटलं. दोन अणू घ्यायचे, अंतर वाढवत न्यायचं, दर अंतराला ऊर्जा काढायची. जवळ आणलं की ऊर्जा चढते, ठरावीक अंतराला तळ गाठते, लांब नेलं की हळूहळू चढून सपाट होते. त्या तळाची खोली म्हणजे बंधाची ताकद. पाठ्यपुस्तकात हा आलेख दहावेळा पाहिलेला होता.

अडचण ऊर्जा काढण्यातच असते. दोन इलेक्ट्रॉन आले की श्रोडिंगरचं समीकरण नेमकं सुटत नाही, कारण ते एकमेकांना सतत टाळत असतात आणि एकाची जागा ठरवायला दुसऱ्याची माहीत असावी लागते. हार्ट्री आणि फॉक यांची युक्ती अशी, की प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचा फक्त सरासरी ढग दिसतो असं मानायचं. हे मानून जी ऊर्जा येते ती खऱ्या ऊर्जेच्या ९९ टक्क्यांहून जास्त असते. ऐकायला छान वाटतं. पण नायट्रोजनच्या रेणूची एकूण ऊर्जा सुमारे १०९.५ हार्ट्री (हे ऊर्जेचं एककही त्यांच्याच नावाचं), आणि दोन अणूंना धरून ठेवणारा बंध त्यातला फक्त ०.३६ हार्ट्री. रसायनशास्त्र ज्याच्यावर उभं आहे ते सगळं त्या उरलेल्या एका टक्क्याच्या आत आहे. हार्ट्री-फॉकच्या हिशेबानं नायट्रोजनचा बंध निम्म्याहून थोडाच जास्त भरतो.

मग उरलेलं कसं मिळवायचं? इथं विक्षोभ सिद्धान्त येतो. आम्ही प्रयोगशाळेत त्याला 'पर्टर्बेशन'च म्हणायचो. जे गणित सुटतं ते हातात घ्यायचं, आणि खरा प्रश्न त्याच्यापासून थोडासाच ढळलेला आहे असं धरून एकेक दुरुस्ती लावत जायची. सरांनी सांगितलं, की श्रोडिंगरनं १९२६ साली ही पद्धत मांडताना लॉर्ड रेलीचं नाव घेतलं होतं, आणि रेलीनं ती आवाजावरच्या आपल्या ग्रंथात तारेसाठी वापरली होती. तार सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर तिचा स्वर नेमका काढता येतो. तिची घनता कुठंकुठं जराशी कमीजास्त असेल, तर स्वर किती सरकेल?

मी सरांकडे बघतच राहिले. आमचं घर मिरजेला, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. आजोबा तंबोरे करत. शाळेतून आले की मी त्यांच्यापुढं बसून तारा लावताना पाहायची. आधी खुंटी पिळून तार स्वराजवळ आणायची, मग घोडीच्या मागं तारेत ओवलेला मणी केसभर सरकवायचा. मणी इकडं, स्वर किंचित वर. मणी तिकडं, किंचित खाली. जे आधीच जवळपास बरोबर आहे त्याला लावलेली छोटी दुरुस्ती. मला विक्षोभ सिद्धान्त समजला तो त्या दिवशी, आणि मण्यामुळे समजला. त्यातला अर्धाच भाग समजला होता हे कळायला चार महिने गेले.

इलेक्ट्रॉनांसाठी ही दुरुस्ती मांडली ख्रिश्चन म्योलर आणि मिल्टन प्लेसेट यांनी, १९३४ साली, जेमतेम पाच पानांच्या लेखात. तो लेख बरीच वर्षं तसाच पडून होता. संगणक आल्यावर, १९७०च्या दशकात, जॉन पोपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला रसायनशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात आणलं. या पद्धतीत पहिल्या पायरीपर्यंतची बेरीज म्हणजे हार्ट्री-फॉकचीच ऊर्जा असते. खरी दुरुस्ती सुरू होते दुसऱ्या पायरीपासून, म्हणून तिला एमपी-टू म्हणतात.

सरांनी मला आधी संगणकाला हात लावू दिला नाही. "हायड्रोजन हातानं कर." इलेक्ट्रॉनचा ढग मांडायला प्रत्येक अणूवर एकच फलन, अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम. त्यातून दोन कक्षक तयार होतात, खालचा बंधकारक आणि वरचा प्रतिबंधकारक. खालच्याची ऊर्जा −०.५७८, वरच्याची ०.६७०. दोन्ही इलेक्ट्रॉन खालच्या कक्षकात बसलेले. दुरुस्ती म्हणजे ते दोघं मिळून क्षणभर वर जाऊन येतात तेव्हा होणारा फायदा. सूत्र एका ओळीचं: वरती एका प्रतिकर्षण-समाकलाचा वर्ग, खाली दोन कक्षकांमधल्या ऊर्जेच्या फरकाची दुप्पट, आणि पुढं वजा चिन्ह. समाकल ०.१८१, वर्ग ०.०३२९. फरकाची दुप्पट २.४९७. भागाकार −०.०१३२ हार्ट्री.

एवढ्या लहानशा प्रश्नाचं नेमकं उत्तरही हातानं काढता येतं. ते −०.०२०६ आलं. म्हणजे एका भागाकारात जवळजवळ दोन-तृतीयांश चूक भरून निघाली. हॉस्टेलच्या खोलीत रात्री दीड वाजता मी तो भागाकार पुन्हा केला. चार आकडे, आणि हायड्रोजनचा बंध डोळ्यांदेखत घट्ट झाला होता.

मग फ्लोरिन. या रेणूनं मला अक्षरशः वेड लावलं. हार्ट्री-फॉकनं रेणूची ऊर्जा काढली, दोन सुट्या अणूंची वेगळी काढली, आणि रेणूचीच जास्त आली! म्हणजे सरासरी ढगाच्या जगात फ्लोरिनचा रेणू असायलाच नको; सुटलेले अणूच जास्त सुखी. प्रत्यक्षात तो बंध दुबळा असला तरी १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. दोन्ही अणूंवरच्या एकाकी जोड्या एकमेकींना इतक्या ढकलतात की इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना टाळण्याची हालचाल हिशेबात घेतल्याशिवाय तो रेणू टिकतच नाही. एमपी-टूची दुरुस्ती लावली आणि रेणू जोडला गेला. बंधाची लांबी मोजलेल्या १.४१ अँगस्ट्रॉमच्या अगदी जवळ. जी गोष्ट आधीच्या सिद्धान्तात नव्हतीच ती एका दुरुस्तीनं अस्तित्वात आली. त्या आठवड्यात मी ज्याला त्याला फ्लोरिनबद्दल सांगत सुटले होते, मेसच्या मावशींनासुद्धा.

नायट्रोजनकडे वळले ती त्याच विश्वासात. पहिली खूण तळाशीच दिसली होती. रेणूच्या कंपनाची वारंवारिता प्रयोगात २३५९ प्रति सेंटिमीटर. हार्ट्री-फॉक २७००च्या वर, एमपी-टू २२००च्या आसपास. तिसरी पायरी पुन्हा वर गेली, चौथी पुन्हा खाली. दुरुस्त्या उत्तराकडे शांतपणे चालत जात नव्हत्या, झोके घेत होत्या. मी ते नोंदवलं आणि पुढं गेले. तिहेरी बंध ताणायला घेतला. १.४, १.६, १.८ पर्यंत वक्र शहाण्यासारखा चढला. २ अँगस्ट्रॉमच्या सुमाराला त्याला टेकाड आलं, आणि पलीकडे तो खाली उतरू लागला. अणू जितके लांब, ऊर्जा तितकी कमी. हे खरं असतं तर एवढं टेकाड ओलांडलेला नायट्रोजनचा रेणू आपोआप आणखी फाकत गेला असता.

मला वाटलं माझीच चूक. अकरा रात्री मी ती शोधली. इनपुट फायली ओळीनं वाचल्या, अंतरं बदलली, फलनांचा संच बदलला, हायड्रोजनसाठी स्वतः लिहिलेला फोर्ट्रानचा प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लिहिला. टेकाड हललं, गेलं नाही. चर्चासत्र दोन दिवसांवर आलं, तेव्हा मी आलेख कापला. त्याबद्दल सांगण्यासारखं समर्थन माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

चर्चासत्र संपल्यावर सरांनी दार लावून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त वही मागितली, पुढचे बिंदू पाहिले आणि म्हणाले, "हायड्रोजनचा तो भागाकार केला होतास ना? तोच लांबच्या अंतराला कर. छेदाकडं बघ."

तिथंच बसून केला. अणू लांब गेले की बंधकारक आणि प्रतिबंधकारक कक्षकांत भेद उरत नाही, दोघांची ऊर्जा एक होत जाते. छेद शून्याकडे. अंश मात्र शून्याकडे जात नाही, उलट वाढतो: समाकल ०.१८१ वरून ०.३८७ वर येतो आणि त्याचा वर्ग साडेचार पटीनं मोठा होतो. वाढता अंश भागिले नाहीसा होणारा छेद. उत्तर वजा अनंताकडे जाणारच. प्रोग्राम पहिल्या दिवसापासून बरोबर होता. तो प्रामाणिकपणे सांगत होता की जिला मी 'छोटी' दुरुस्ती म्हणत होते ती आता छोटी राहिलेली नाही.

दोष सुरुवातीच्या चित्रात होता. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बंधकारक कक्षकात कोंबले, की ते चित्र अणू मैलभर लांब गेले तरी म्हणत राहतं: निम्मा वेळ दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूपाशी आहेत, दुसरा उघडा प्रोटॉन. खऱ्या हायड्रोजनमध्ये तेवढ्या अंतरावर प्रत्येकापाशी एक, बस्स. तिथं खालच्या आणि वरच्या कक्षकातल्या मांडण्या दोन्ही सारख्याच हक्काच्या असतात. एकीला मुख्य आणि दुसरीला किरकोळ सुधारणा मानलं, तिथंच गणित फसलं.

त्या संध्याकाळी आजोबांचं एक वाक्य आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका उतरलेल्या तारेचा मणी जोर लावून सरकवत होते. त्यांनी माझा हात धरला. "मण्यानं ओढून स्वर येत नाही पोरी. आधी खुंटी." सिद्धान्ताचा उरलेला अर्धा भाग तो होता.

सरांनी दुसऱ्या दिवशी एक शोधनिबंध हातात ठेवला, १९९६चा, ओल्सेन, ख्रिश्चनसेन, कोख आणि योर्गेनसेन यांचा. त्यात त्यांनी दुरुस्त्यांची मालिका खूप वरच्या पायऱ्यांपर्यंत नेली होती आणि दाखवलं होतं की पसरट फलनं घेतली तर साध्या निऑनच्या अणूसाठीही ती शेवटी भरकटते. निऑन! ताणलेला बंध नाही, तुटकं काही नाही, सगळी कवचं भरलेली. सुरुवातीच्या काही पायऱ्या सुरेख उत्तराजवळ येतात, आणि मग हळूहळू दूर जाऊ लागतात. तोपर्यंत मी समजत होते की पायऱ्या वाढवल्या की अचूकता वाढणारच. तो समज मी वाचनालयाच्या टेबलावर सोडून आले.

खुंटी पिळायची म्हणजे काय, हे शिकायला उरलेलं सत्र गेलं. एका मांडणीऐवजी, ज्या ज्या मांडण्या बरोबरीच्या आहेत त्या सगळ्या आधीच एकत्र घ्यायच्या, आणि त्यांच्या मिश्रणावर विक्षोभाची दुरुस्ती लावायची. लुंड इथल्या ब्यॉर्न रूस आणि केर्स्टिन अँडरसन यांच्या गटानं १९९० साली अशी पद्धत मांडली होती. आपल्याकडे कोलकात्यात, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, देबाशिस मुखर्जींनी याच छेद नाहीसे होण्याच्या दुखण्यावर दीर्घकाळ काम केलं. त्यांचे निबंध मी पेन्सिल घेऊन वाचले. प्रत्येक पानाला एक दिवस लागला, आणि तो दिवस वाया गेला असं एकदाही वाटलं नाही.

नायट्रोजनच्या तिहेरी बंधात सहा इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यासाठी सहा कक्षक. तीन वरच्या फिरकीचे, तीन खालच्या. वाटण्याचे मार्ग वीस गुणिले वीस, चारशे. हार्ट्री-फॉक यातला एकच निवडतं. मी चारशेच्या चारशे घेतले. विभागातल्या संगणकावर रात्री काम लावायचं, सकाळी सातला येऊन पाहायचं. एकेक बिंदू पदरात पडत गेला. १.८. मग २. मी श्वास धरून होते. वक्र चढतच राहिला. २.४. ३. चढ मंदावला. ५ अँगस्ट्रॉमला तो सपाट झाला.

दोन सुट्या नायट्रोजन अणूंची बेरीज मी आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवली होती. पडद्यावरचा आकडा आणि चिठ्ठी शेजारी धरली. तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले. खाली अंगणात मावशी झाडत होत्या, बाकी विभाग रिकामा होता. मी तो आकडा तीनदा मोठ्यानं वाचला.

सर नऊ वाजता आले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, नवा वक्र पाहिला, खुर्ची ओढून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुना कुठंय?"

"वहीत आहे, सर."

"पूर्ण?"

मी आलेखाचा कागद घेतला. आधी नवा वक्र काढला, निळ्या शाईत. मग वही उघडली आणि जुने बिंदू त्याच कागदावर पेन्सिलीनं मांडायला लागले: १.८ पर्यंतचे, आणि त्यापुढचे सगळे, रेघ कागदाच्या खालच्या कडेला जाऊन टेकेपर्यंत.