दहावीचा वर्ग आणि पंचमीचे माहेर

आमच्या सीमाभागात हायस्कूल म्हणजे आठवी, नववी आणि दहावी. तीनच वर्षे. पलीकडे उदगीर-निलंग्याकडे पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत शिकलेली माणसे भेटतात, तेव्हा त्यांना या तीन वर्षांचे अप्रूप सांगूनही पटत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून सातवी करून आलेली मुले-मुली एका वर्गात यायची. एकमेकांची ओळख होईपर्यंत वर्ष सरायचे आणि जीव जडतो न जडतो तोच परीक्षा दारात उभी! भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद या भागात मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

हा सारा मुलूख निजामाच्या संस्थानातला. तेव्हा सरकारी हायस्कुलाची भाषा उर्दू. मराठी शाळा लोकांनी आपल्या हिमतीवर काढल्या. कलबुर्गीचे नूतन विद्यालय १९०७ सालचे आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबाद आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात. नकाशा कापला गेला, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. आमच्याच घरात आजोबांची सही उर्दूत होती, वडिलांची मराठीत, आणि माझी मुलगी आपले नाव आधी कन्नडमध्ये लिहायला शिकली.

मी १९९३ साली आठवीत आले. भालकी तालुक्यातली आमची शाळा, पत्र्याचे वर्ग, पुढे लिंबाचे झाड. मराठी ही आमची पहिली भाषा आणि तेवढाच एक पेपर १२५ गुणांचा; बाकी पाच विषय शंभराचे, मिळून ६२५. पुस्तके मराठीत, पण इतिहासात कदंब, चालुक्य आणि विजयनगर. शिवरायांच्या गोष्टी आम्हाला आजीकडून कळल्या आणि पुलकेशी पुस्तकातून. दोन्ही आपलेच वाटले. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एखादीच्या डब्यात शेंगा होळगी. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द मराठीचे की कन्नडचे, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नाही.

आठवीला जेमतेम चार महिने झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या त्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही भांडी फडताळावरून खाली आली, भिंती तडकल्या. शाळा उघडल्यावर सरांनी आम्हाला दोन-दोनच्या रांगेत गावात फिरवले. घरोघर जाऊन ज्वारी, तांदूळ, चादरी आणि लुगडी गोळा केली. पोती शिवताना मुले आणि मुली पहिल्यांदाच एकत्र बसली. आमचा ‘वर्ग’ झाला तो त्या दिवशी, असे मला वाटते.

त्यानंतरची वर्षे सणासुदीच्या आणि शाळेच्या कार्यक्रमांच्या ओळखीच्या वाटेने गेली. १५ ऑगस्टची प्रभातफेरी, ५ सप्टेंबरला साडी नेसून आठवीवर शिकवायला जाणे, दसऱ्याचे सरस्वतीपूजन, १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवात तोंडपाठ केलेले कन्नड गीत, आणि स्नेहसंमेलनात मराठी नाटुकले.

नववीत सहल बिदरला गेली. किल्ला आणि चौबारा पाहून आम्ही महमूद गावानच्या मदरशापाशी आलो. इराणातल्या गिलानहून आलेल्या या बहमनी वजिराने १४७२ साली बांधलेली ही तीन मजली शाळा. विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या, ग्रंथालय, दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या चिनी मातीच्या फरशा. आज अर्धा भाग पडलेला आणि एकच मिनार उभा. वर्गातली एक मुलगी, जी गणितात कायम पहिली, ती त्या खोल्या मोजत कितीतरी वेळ मागे राहिली. सरांनी हाक मारली तेव्हा म्हणाली, “सर, इथं शिकणारी पोरं घरी कधी जात असतील?” आम्ही सगळे हसलो. प्रश्न मात्र माझ्या लक्षात राहिला.

पण आमचा खरा सण येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावे ओस आणि शिवारे भरलेली. शाळेत कुणी फिरकायचेच नाही. शेतात कडब्याची कोप करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, धपाटे, मडक्यातली गार आंबील. दहावीच्या वर्षी आमच्या वर्गाने एका मैत्रिणीच्या शेतात येळवस केली. तुरीच्या ओळींतून पळताना कुणीतरी म्हणाले, “दरवर्षी इथंच भेटायचं.” सगळ्यांनी हो म्हटले.

१९९६ च्या वसंतात निरोप समारंभ झाला. वह्यांवर सह्या झाल्या, फोटो निघाला. मग वाटा फुटल्या. मुलांपैकी काही ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने अकरावीला पलीकडे गेली, काही इकडेच बिदर-कलबुर्गीला पीयूसीला. मुलींपैकी मी आणि आणखी दोघी पुढे शिकलो. उरलेल्यांच्या हळदी त्याच उन्हाळ्यात किंवा पुढच्या उन्हाळ्यात झाल्या. गणितात पहिली येणारी निकालाच्या आधीच सासरी गेली.

काही वर्षांपूर्वी मुलांनी व्हॉट्सअॅपवर वर्गाचा ग्रुप काढला. आठवड्यात जवळजवळ सगळी मुले सापडली. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादेत, कुणी गावातच दुकानात. मुलींची यादी मात्र कोरीच. लग्नात आडनाव बदलते, कित्येकींचे नावही बदलते, गाव बदलते, राज्यही बदलते. शाळेच्या हजेरीतली मुलगी सासरच्या रेशनकार्डावर सापडणार कशी?

तेव्हा आम्हा दोघींना पंचमी आठवली. नागपंचमीला लेक माहेरी येते, झोका बांधला जातो, हे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच. २०२३ च्या पंचमीला आम्ही माहेरची गावे धुंडाळली. कुठे वहिनी भेटली, कुठे म्हातारी आई. “आमची ती व्हय? परवाच आलीय की!” असे म्हणत आतून हाक गेली आणि चौकटीत पंचेचाळिशीकडे झुकलेली वर्गमैत्रीण उभी राहिली. तीन दिवसांत अकरा जणी सापडल्या. दोघी या जगात नाहीत, हेही तेव्हाच कळले.

११ जानेवारी २०२४ ला येळवस होती. त्याच शेतात पुन्हा कोप उभी राहिली. बोलण्यात मराठी, कन्नड, थोडी हैदराबादी हिंदी. मुले इंग्रजी शाळेतली, त्यांना उंडे म्हणजे काय ते सांगावे लागले. गणितवाली निलंग्याकडून आपल्या लेकीला घेऊन आली होती. तिचे गुणपत्रक कुणी न्यायलाच आले नव्हते. ते शाळेच्या कपाटात सत्तावीस वर्षे पडून होते. एका वर्गमित्राने हेडसरांना विनंती करून, तिची सही घेऊन ते सोडवून आणले. तिने आपले गुण पहिल्यांदा पाहिले. गणितात ९४. ती काही बोलली नाही. लेकीने मात्र त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला.

मी रोज महाविद्यालयात शिकवते. सरहद्दीवरच्या गावांतून बसने येणाऱ्या मुली आज माझ्या वर्गात बसतात, ही मोठी गोष्ट आहे. मराठी माध्यमाचे वर्ग मात्र आमच्या गावांत विरळ होत चालले आहेत, आणि पुढच्या मेळाव्यांची भाषा कोणती असेल ते काळच ठरवील. भाषा कोणतीही असो, वर्ग पूर्ण भरला पाहिजे.

वाचकांपैकी कुणी आपल्या वर्गाचा मेळावा भरवणार असेल, तर यादी मुलींपासून सुरू करा. पत्ते सासरी शोधू नका, माहेरी विचारा. आणि तारीख पंचमीच्या आठवड्यातली धरा.