दोन फूट सहा इंच

मेहरूणचं बोर लहान असतं. कलमी उमराणएवढं ते कधीच होत नाही. साल पातळ, पिकलं की तांबूस. बोरांच्या वाणांच्या यादीत उमराण, कडाका, छुहारा यांच्या रांगेत मेहरूण हेही नाव आहे. गावाचं नाव फळाला मिळालं. पुढे गाव जळगाव महापालिकेत गेलं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं झाली. वाणाचं नाव यादीत राहिलं.

हिवाळ्यात बोरांची पाटी गाडीत चढत असे. पॅसेंजरच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येईल अशी. वर ओलं फडकं. जळगावहून पाचोरा, आणि पाचोऱ्याला गाडी बदलून पुढे.

पुढची गाडी छोटी. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारून जाणाऱ्या मुंबई–भुसावळ लाईनचं १६७६. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं त्या सुमारास एका खासगी कंपनीने ही लाईन घातली. माल मुख्यतः कापूस. स्वातंत्र्यानंतर ती मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आली. वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं. कागदावर पाचोरा–जामनेर नॅरोगेज. बोलण्यात पीजे. ‘पीजे गेली का?’ एवढं विचारलं की पुरे होतं.

पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव हरेश्वर, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. दूधवाल्याचे कॅन, शाळेची दप्तरं, बाजाराच्या पिशव्या, सासरी निघालेली लेक. कार्तिकात शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला डबे भरून जात. पहूरला उतरलेला माणूस फर्दापूरवरून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाऊ शकत असे. फार थोडे जात. लेण्यांसाठी येणारा पाहुणा जळगावला उतरून मोटारीने जाई, आणि पहूरचं स्टेशन गावाचंच राहिलं.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू होता. त्याच दिवशी देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद करण्याचा निर्णय झाला. पीजेही थांबली. आदेश ३१ मार्चपर्यंतचा होता. मग १४ एप्रिल झाला. मग ३ मे. त्यापुढच्या तारखा लोकांनी लक्षात ठेवल्या नाहीत.

मार्च संपताना जळगाव जिल्ह्यातला पहिला रुग्ण मेहरूणमध्ये आढळला. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले. मालगाड्या चालू होत्या. रात्री त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जवळून येई, कारण दुसरा आवाज नव्हता.

चालत्या लाईनवर रुळाच्या माथ्याला एक चकाकती पट्टी असते. रंग नाही, मुलामा नाही. चाकं तेवढा भाग घासत राहतात म्हणून ती असते. गाडी थांबली की ती आठवड्या-दोन आठवड्यांत मळते. पहिल्या पावसात तांबडी होते. दुसऱ्या पावसानंतर रुळाचा माथा कोणता आणि बाजू कोणती, हे रंगावरून सांगता येत नाही. पीजेच्या रुळावरून २०२० चा पावसाळा गेला, २०२१ चा गेला, २०२२ चा गेला.

रुळावरून रोज चालणारा माणूस चाबीवाला. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना आणि चार-दोन सुट्या चाव्या. गाडीच्या हादऱ्याने रूळ धरून ठेवणारी चावी सुटते, तो ती ठोकून बसवतो. चावी घट्ट असेल तर आवाज भरीव येतो, सैल असेल तर पोकळ. त्यामुळे त्याचं निम्मं काम कानाचं. गाडी नसली की चावी हादरत नाही, पण गंजते, आणि गंजलेल्या चावीचा आवाज दोन्हींपैकी कुठलाच नसतो.

खडीत गाजरगवत आलं, त्यामागून रुई, मग बाभूळ. बाभळीचं रोप तीन वर्षांत माणसाच्या वर जातं. शेताकडे जाणाऱ्या वाटा रुळावरून सरळ झाल्या. फाटकात रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या पुढे आलेल्या कडेसाठी खाच असते. ती मातीने भरली की पुढचं काम बैलगाडी आणि ट्रॅक्टर करतात. गाडी पुन्हा आणायची तर ही खाच आधी पहारीने कोरावी लागते.

बंद लाईन उघडणं म्हणजे नुसता हिरवा बावटा दाखवणं नसतं. पुलांचे दगड पाहावे लागतात, मोऱ्यांतला गाळ काढावा लागतो, स्लीपर तपासावे लागतात. डब्यांची ठरलेल्या मुदतीची दुरुस्ती करावी लागते, आणि डबा उभा असला तरी मुदत चालूच राहते. नॅरोगेज डब्यांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना कुर्डुवाडीला, बार्शी लाईट रेल्वेच्या काळापासूनचा. बार्शी लाईन १८९७ ला सुरू झाली. ती स्वतः पुढे पूर्ण ब्रॉडगेज होऊन गेली. कारखाना मागे राहिला, दारातला त्याचा रूळ गेला.

माणसांचंही तसंच. लाईन बंद राहिली की ड्रायव्हर, गार्ड, ट्रॅकमन यांना दुसरीकडे घेतात. वळण कुठे आहे, चढ कुठे लागतो, कुठल्या शेतापाशी गुरं रुळावर येतात, हे ड्रायव्हरला चालवून-चालवून माहीत होतं. रेल्वेत त्याला रोड लर्निंग म्हणतात. ठराविक काळ त्या रस्त्यावर गाडी चालवली नाही, तर ते पुन्हा शिकावं लागतं. शिकवायला मात्र आधी तो रस्ता माहीत असलेला कोणीतरी लागतो.

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे पदनाम बंद केलं. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. पीजेला ट्रेन मॅनेजर कधी मिळालाच नाही.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत २० मार्च २०२० पासून थांबली. ६० वर्षांवरच्या पुरुषाला ४० टक्के, ५८ वर्षांवरच्या बाईला ५० टक्के. गाड्या परत आल्या, सवलत आली नाही. पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्याने सुरू झाल्या आणि किमान तिकीट दहाचं तीस झालं. ते पुन्हा दहावर यायला २०२४ चा फेब्रुवारी संपत आला. बोरांच्या पाटीचा हिशेब तीस रुपयांत बसत नाही.

पुठ्ठ्याचं तिकीट त्याच्याही आधी गेलं होतं. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंच रुंद. खिडकीआड लोखंडी यंत्रात ते सरकवलं की खटका वाजे आणि कडेला तारीख उमटे. लहान मुलं परतीच्या प्रवासात ते हातात धरून बसत. उतरल्यावर ते द्यावं लागे. काही देत नसत.

नोव्हेंबर २०२१ पासून पुढचे काही महिने एसटी कर्मचाऱ्यांचा संप होता. एप्रिल २०२२ मध्ये तो मिटला. त्या दिवसांत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर इथल्या माणसाला लाल बस नव्हती आणि पीजेही नव्हती. काळी-पिवळीवाला सांगेल ते भाडं. काळी-पिवळीत नऊ जण बसतात असा नियम आहे. चौदा बसत.

त्याच काळात दुसरीकडे गाड्या सुरू झाल्या. माथेरानची मिनी ट्रेन १९०७ ची, तीही नॅरोगेज, पण दोन फुटी. २०१९ च्या पावसाने तिचा घाटातला रूळ वाहून गेला होता. अमन लॉज ते माथेरान ही वरची शटल नोव्हेंबर २०२० मध्ये धावू लागली, आणि नेरळपासूनची पूर्ण गाडी २२ ऑक्टोबर २०२२ ला. माथेरानला पर्यटक येतात. खान्देशातली दुसरी शाखा चाळीसगाव–धुळे. ती ब्रॉडगेज आहे. पॅसेंजर म्हणून बंद झाली, मेमू म्हणून परत आली.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची छोटी लाईन आहे, दोन फूट तीन इंची. १९५१ मध्ये गावच्या आणि बाहेरच्या हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे ती. २०२० मध्ये तीही बंद झाली. तिच्यापुढच्या अडचणी वेगळ्या होत्या. स्वयंसेवक बहुतेक निवृत्त, म्हणजे नेमके ज्यांनी घरात बसायचं ते. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि कोळसा घालणारा यांच्यात दोन मीटर अंतर राहत नाही, कारण ती जागाच दोन मीटरची नाही. तरी त्याच उन्हाळ्यात गाडी पुन्हा निघाली. हातात पाने होते आणि रूळ त्यांच्या ताब्यात होता.

पीजेसाठीही माणसं उभी राहिली. पाचोऱ्यात पीजे बचाव कृती समिती झाली. निवेदनं गेली, आंदोलनं झाली. हातोडा कोणाच्या हातात देता आला नाही. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. गवत उपटण्यासाठी टाकलं तरी.

विदर्भातली शकुंतलाही याच मापाची. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. तिचं इंजिन मँचेस्टरचं, १९२१ चं, १९९४ पर्यंत वाफेवर चाललं. तिलाही बचाव समित्या मिळाल्या, बातम्या मिळाल्या, टीव्हीवर जागा मिळाली. तिच्या रुळावरही बाभळी आहेत. पुलगाव–आर्वी लाईन शकुंतलेच्या कितीतरी आधी गेली. तिच्याबद्दल आता आर्वीत जुनीच माणसं बोलतात.

पीजे नॅरोगेज म्हणून पुन्हा सुरू झाली नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज मंजूर झालं. पाचोरा ते जामनेर रुंदीकरण आणि पुढे बोदवडपर्यंत नवी लाईन, मिळून ८४ किलोमीटर. जामनेरच्या पुढे शंभर वर्षांत रूळ गेला नव्हता, तो जाईल. भुसावळला वळसा न घालता नागपूर लाईनला लागता येईल. ज्यांनी निवेदनं दिली त्यांतल्या बऱ्याच जणांना हेच हवं होतं. ते चूक नव्हते.

रुंदीकरणात जुना रूळ राहत नाही. स्लीपर राहत नाहीत. वळणं सरळ होतात, भराव उंच होतो, फाटकांच्या जागी भुयारी मोऱ्या येतात. प्लॅटफॉर्म उंच होतो. पीजेच्या डब्यात जमिनीवरून एक पाय उचलून चढता येत असे. म्हातारी माणसं दाराची दांडी धरून, आधी पिशवी आत ठेवून, मग स्वतः चढत. आतला कोणीतरी पिशवी आत सरकवून घेई.

डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे लागत. गाडीची रुंदीच तेवढी. वरखेडीला चढलेला माणूस शेंदुर्णीपर्यंत समोरच्याचं गाव, आडनाव, कापसाचा भाव आणि पोरीचं स्थळ इतकं जाणून उतरत असे. ब्रॉडगेजच्या डब्यात मधे पाय ठेवायला जागा असते.

पहूरजवळ वाघूर आहे, जामनेरला कांग. पावसाळ्यात दोन्हींचं पाणी गाडीच्या खिडकीतून दिसे, आणि पेरणी कुठवर आली तेही. पीजेच्या वेगाला एखाद्या शेतातली तूर ओळखता येत असे, तुरीत कोण निंदत आहे तेही.

नॅरोगेज गाड्यांच्या क्रमांकाच्या सुरुवातीला ५२ असतो. पीजेचे ५२ चे क्रमांक वेळापत्रकातून गेले.

मेहरूणची बोरं बाजारात अजून येतात. थोडी येतात, जानेवारीत, आणि विकणारी बाई ती उमराणच्या ढिगाशेजारी वेगळी मांडते. तिला पाचोऱ्याला जायची गरज पडत नाही.

पाचोऱ्याला आता गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनच्या नावापुढे वेळापत्रकात ‘जंक्शन’ छापलेलं असतं.