हेही करून घ्या, सर!

मोटार दुरुस्तीला न्यावी, तेव्हा तिला काय झाले आहे हे आपल्याला ठाऊक नसते; आणि तिला काय काय होऊ शकते हे तिथल्या सल्लागाराला तोंडपाठ असते. एवढ्या एका फरकावर सारा व्यवहार चालतो.

हा सल्लागार मोठा आर्जवी. त्याच्या बोटांना तेलाचा डाग म्हणून नसतो. आपण जातो साधे ऑइल बदलायला. तो बॉनेटखाली डोकावतो आणि चेहरा गंभीर करून म्हणतो, "सर, इंजिन फ्लश करून घेऊ. इंजेक्टर क्लीनिंगही सुचवतो. आणि खालून कोटिंग झालंय ना?" रोग रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात, इथे रेडा चांगला धडधाकट असतो, तरी पखालीला औषध चालूच!

टायरात नायट्रोजन भरा, असे मला सांगण्यात आले. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे मी वर्गात शिकवतो. तसे म्हणालो. तो हसून म्हणाला, "हो सर, पण आमचा शुद्ध असतो."

वास्तविक या शंकांचे उत्तर गाडीतच असते. समोरच्या कप्प्यात कंपनीची पुस्तिका असते. कोणते काम किती किलोमीटरला, किती महिन्यांनी, याचा तीत तक्ता असतो. पुष्कळ पेट्रोल गाड्यांचे ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने बदलायचे असते. इंजिन फ्लश बहुतेक तक्त्यांत शोधूनही सापडत नाही. पण ही पुस्तिका सोवळ्यातल्या पोथीसारखी. तिला कोणी शिवत नाही.

सल्लागार दुष्ट असतो असेही नाही. महिनाअखेरीस त्याच्याही डोक्यावर विक्रीचा आकडा बसलेला असतो.

चार पैसे जास्त गेले, तर सोसता येते. भीती निराळीच आहे. माझ्या शेजाऱ्यांना एकदा ब्रेक ऑइल बदलायला सांगितले. "ही यांची नवी युक्ती!" म्हणत ते तसेच परतले. आता हे तेल हवेतली ओल शोषते. ओल वाढली की ते लवकर उकळते. कोकणात उतरताना घाटात ब्रेक सारखा दाबावा लागतो. तेव्हा त्यात वाफ धरली, तर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत ते दोन-तीन वर्षांनी बदलावेच लागते. मी त्यांच्याच पुस्तिकेतला तक्ता दाखवला, तेव्हा कुठे ते पुन्हा गेले. दहा खोट्या गरजांनी अकरावी खरी गरज अशी खोटी पाडली होती.

आमच्या नाक्यावर पूर्वी एक म्हातारा मिस्त्री होता. गाडीला कान लावायचा आणि बहुधा एवढेच म्हणायचा, "काही झालं नाही. घेऊन जा." पैसे घ्यायचा नाही. पण तोच एखाद्या दिवशी म्हणाला, "आज गाडी इथंच राहू द्या," तर का म्हणून कोणी विचारीत नसे. लोक किल्ली ठेवून मुकाट्याने पायी घरी जात.