कोयासानची अक्षरे

ओसाकाच्या नांबा स्थानकावरून निघालेली गाडी शहराचा गजबजाट मागे टाकून दक्षिणेकडे धावते, पुढे बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत डोंगराच्या कुशीत शिरते आणि जेथे रूळच संपतात अशा एका चिमुकल्या स्थानकावर उतारूंना सोडून देते. त्या स्थानकाचे नाव गोकुराकुबाशी, म्हणजे सुखावतीचा पूल. तेथून तारेने ओढला जाणारा डबा पाच मिनिटांत उभी चढण चढून कोयासानच्या माथ्यावर आणतो. त्या डब्यात बसताना माझ्या मनातला भाव यात्रेकरूचा नव्हता, सावकाराचा होता, हे आता कबूल केलेले बरे. आपल्या देशातून पूर्वेकडे काय काय गेले त्याची यादी मनाशी धरून मी जुनी बाकी तपासायला निघालो होतो.

या क्षेत्राचा मूळपुरुष कूकाई, पुढे कोबो दाइशी या पदवीने घरोघर पोचलेला. इ. स. ७७४ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने ७९७ साली एक संवादरूप ग्रंथ लिहिला आणि त्यात एका वाया गेलेल्या पोराला वळणावर आणण्यासाठी कन्फ्यूशियसचा अनुयायी, ताओपंथी आणि बौद्ध भिक्षेकरी अशा तिघांना एकामागून एक बोलते केले. त्यातील नावे ऐकून मी थक्क झालो, कारण ज्याच्या घरी ही बैठक भरते त्या यजमानाचे नाव ‘सशाचे शिंग’ आणि कन्फ्यूशियसपंथी गुरुजींचे ‘कासवाचे केस’! मुळीच नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून आपल्या दर्शनकारांनी वापरलेली शशशृंग आणि कूर्मरोम ही जोडी चिनी अनुवादांच्या वाटेने जाऊन एका जपानी कथेत चक्क हाडामांसाची पात्रे होऊन बसली होती. हा कूकाई ८०४ साली चीनला गेला, चांगआन राजधानीत हुइग्वो या आचार्यांकडून तंत्रमार्गाची दीक्षा आणि नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृतचे पाठ घेऊन ८०६ साली परतला, आणि ८१६ साली सागा सम्राटाने त्याला हा डोंगर सनदेने दिला.

माझा मुक्काम एका मठातच होता. रात्रीच्या निरामिष ताटात, थंडीत गोठवून मग सुकवण्याच्या रीतीचे, सोयाबीनच्या दुधाचे स्पंजासारखे चौकोन होते. पहाटे अग्नीपुढे समिधा टाकीत भिक्षू जो विधी करीत होते त्याचे नाव ‘गोमा’, म्हणजे आपला होमच. जेवण वाढणाऱ्या तरुण भिक्षूला मी लहानपणी तो मुळाक्षरे कशी शिकला ते विचारले, तेव्हा त्याने अ, इ, उ, ए, ओ म्हणून पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशी ओळ म्हणून दाखवली, आणि पाटीवर गिरवलेली आपली वर्णमालाच थोडी वेष पालटून माझ्यासमोर उभी राहिली. यादीत आणखी दोन कलमांची भर पडली म्हणून मी खूश झालो.

न्याहारीनंतर तोच भिक्षू मला ओकुनोइनच्या वाटेला घेऊन गेला. पहिल्या पुलापासून कूकाईच्या समाधीपर्यंतची ही वाट सुमारे दोन किलोमीटरची. दोन्ही बाजूंस आकाशाला भिडलेले सुगी वृक्ष आणि त्यांच्या बुंध्यांशी शेवाळाने हिरवे झालेले दोन लाखांहून अधिक स्मृतिशिलांचे दाट रान. पुष्कळ शिला पाच दगडांच्या उतरंडीसारख्या : तळाशी घन, त्यावर गोल, मग त्रिकोणी छप्पर, अर्धचंद्र आणि सर्वांत वर रत्नाचा आकार. ही पंचमहाभूते होत, आणि प्रत्येकावर सिद्धम् लिपीतले एकेक अक्षर कोरलेले. भिक्षूने बोट वरून खाली आणीत वाचले, “क्या, का, रा, बा, आ.” मी बराच वेळ पाहत राहिलो, तेव्हा कोठे ‘र’ ओळखीचा वाटला आणि त्याच्या आधाराने उरलेली चार लागली : ख, ह, र, व, अ.

“वरचे अक्षर म्हणजे आकाश, हे आम्हांस शिकवतात,” तो म्हणाला, “पण तुमच्याकडे ते अजून बोलण्यात आहे काय?”

मी ‘खग’ म्हटले, ‘खगोल’ म्हटले. त्याने ते दोन्ही शब्द चाचपडत उच्चारून पाहिले. मग अगदी सहज त्याने मला माझे नाव त्या लिपीत लिहायला सांगितले, आणि माझी सावकारी तेथेच बुडाली. मला ते येत नव्हते. छत्रीच्या टोकाने ओल्या मातीत त्यानेच ते लिहून दिले, एकेक अक्षर मला विचारून.

वाटेच्या शेवटी गोब्योबाशी हा पूल. त्याच्या छत्तीस फळ्यांवर खालच्या अंगाने देवतांची बीजाक्षरे कोरलेली आहेत. वरून चालणाऱ्याला ती दिसत नाहीत. पलीकडे कूकाई ८३५ सालापासून ध्यानस्थ बसला आहे, अशी येथील श्रद्धा. आळंदीच्या माणसाला ती निराळी समजावून सांगावी लागत नाही. मी ओणवा होऊन फळ्यांखाली डोकावलो, तर वाहते पाणी तेवढे दिसले. तेवढ्यात साडेदहाचा नैवेद्य लाकडी पेटीत घालून खांद्यावरून आणणारे भिक्षू मागून आले, पुलाशी थबकून त्यांनी नमस्कार केला, आणि मी उठून त्यांना वाट दिली.