उरलेली छत्तीस मिनिटं

"सर, मले बॉलच भेटत नाही ना."

सराव संपल्यावर बूट सोडता सोडता एक पोरगी कुरकुरली. सेलूहून एसटीने वर्ध्याला येणारी, उंचीने बेताची, पायाने चपळ. मी खडू घेतला आणि कोर्टच्या सिमेंटवरच हिशेब मांडला. बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. दोन्ही संघांच्या मिळून कोर्टवर दहा जणी. चेंडू एक. सगळ्या जणींना सारखा मिळाला, तरी एकीच्या वाट्याला चार मिनिटं.

"उरलेली छत्तीस मिनिटं काय करशील?"

हा प्रश्न कॉलेजात मला कुणी विचारला नव्हता. तेव्हा मला चेंडूशिवाय काही दिसतच नसे. इंटरकॉलेजिएटची मॅच संपली की मी आधी स्कोअररच्या टेबलाकडे धावायचो, स्वतःचे पॉइंट मोजायला. संघ हरलेला असला तरी माझे पॉइंट बरे असले की रात्री चार पोळ्या जास्त जायच्या.

गळ्यात शिट्टी आली आणि पहिली अडचण झाली ती नजरेची. डोळे चेंडूच्या मागेच पळत. मग मी स्वतःलाच सराव लावला: चेंडू उजवीकडे असला की डावीकडे बघायचं. तिकडे वेगळाच सामना चालू होता. कुणी कंबरेवर हात ठेवून उभी, कुणी जोडीदारीण चुकली की न सांगता तिची जागा धरणारी. खरी टीम कुठे आहे आणि कुठे नाही, ते तिकडे कळायचं.

तेव्हापासून आठवड्यातून एक दिवस आम्ही चेंडू पोत्यातच ठेवतो. मे महिन्यात वर्ध्याचं सिमेंट संध्याकाळी सहालाही तव्यासारखं असतं. मुली आधी झाडू मारतात, मग पाणी शिंपडतात; सेवाग्राम आठ किलोमीटरवर असल्याने की काय, झाडूला इथे कुणी लाजत नाही. मग बिनचेंडूचा सामना सुरू होतो. रस्त्यावरचे पोट्टे थांबून हसतात, "अरे, बॉल कुठी आहे?"

शिकायचा असतो स्क्रीन. पाय खांद्याएवढे फाकवायचे, हात छातीशी घ्यायचे आणि प्रतिस्पर्धी मुलीच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. तिची धडक सोसायची, पण सरकायचं नाही. सरकलीस तर फाऊल तुझा. तुझ्या आडोशाने जोडीदारीण मोकळी सुटते, लेअप टाकते, टाळ्या घेते. स्कोअरशीटवर नाव तिचं लागतं. खांबासाठी त्या कागदावर रकानाच नाही. म्हणून मी दोनशे पानी वहीत तो आखून घेतला.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे झेलला तिथूनच तो दुसऱ्याला द्यायचा. ड्रिबल नंतर आलं. म्हणजे जन्मतः हा खेळ चेंडू सोडण्याचा. मी मात्र त्यात धरून ठेवणंच शिकलो होतो. हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे कोच झाले, ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. सीझन वाईट गेला की हे आकडे मला फार जवळचे वाटतात.

पुढे मॅनेजरचं कामही माझ्याकडेच आलं. त्यात तर चेंडूला हात लावायची चार मिनिटंही नाहीत. एलिजिबिलिटी फॉर्म, फोटो, ओळखपत्रं, जर्सीचे नंबर, चिकटपट्टी, बर्फाचा थर्मास, कुणाच्या बाबांना फोन करून "रात्री दहापर्यंत घरी पोचवतो" हा शब्द. पहिल्याच वर्षी एका मुलीचं मूळ ओळखपत्र मी घरी टेबलावर विसरलो. ती दिवसभर जर्सी घालून बेंचवर बसली आणि मला एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून ती प्लास्टिकची फाइल उशाशी घेऊन झोपतो. मॅनेजरचं काम नीट झालं की ते कुणाला दिसत नाही. तोही एक स्क्रीनच.

परवा नागपूरला मॅच खेळून संध्याकाळच्या एसटीने परतत होतो. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मुलींची अर्धी, माझं एकट्याचं पूर्ण. कंडक्टरने जर्सी बघून सेलूवालीला विचारलं, "जिंकले का मंग? तू किती बास्केट टाकले?"

"एकबी नाही," ती म्हणाली. "पण अकरा स्क्रीन लावले."

कंडक्टरला काही उमगलं नाही. त्याने तिकीट फाडलं आणि पुढे गेला. मी दिव्याखाली वही उघडली. माझ्या रकान्यात दहाच होते. मी तिच्याकडे पाहिलं. तिने बोटांवर मोजून दाखवायला सुरुवात केली. केळझर मागे पडलं तरी तिचं चालूच होतं. सेलूचा फाटा यायच्या आत मी दहाचे अकरा केले.