धाकट्या पातीचा चांदा

चंद्रपूरच्या जटपुरा गेटखाली उभं राहून वर बघायचं म्हणजे जीव मुठीत धरायचं काम. मागून ऑटो, पुढून ट्रक, मधून दुचाक्या, आणि सगळ्यांना त्याच एका कमानीतून जायचं असतं. तरी बघावंच. वर दगडात एक सिंह कोरलेला आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. गोंड राजांची ही खूण किल्ल्याच्या दरवाजांवर पुन्हा पुन्हा भेटते. इंग्लंडच्या राजचिन्हातही सिंह आहे, पण तो एकशिंगी घोड्याबरोबर ढालीच्या दोन बाजूंना सभ्यपणे उभा असतो. इथल्या सिंहाला असला संकोच नाही.

इंग्लंडची आठवण उगाच आली नाही. पिशवीत जॉर्ज राजांच्या काळातल्या व्यंगचित्रांचं पुस्तक होतं. १७१४ ते १८३० पर्यंत लागोपाठ चार जॉर्ज त्या गादीवर बसले, आणि त्यांच्या घरातली भांडणं, कर्जं, लग्नं आणि वेडं जेम्स गिलरेसारख्या चित्रकारांनी रंगवून दुकानांच्या काचेत टांगली. रस्त्यावरचा माणूस थांबून राजाला हसत असे. चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, निघताना हेच पुस्तक का उचललं, याचं कारण चांद्यातच सापडेल असं वाटत होतं. कारण त्याच शतकात इथेही एक राजघराणं मावळलं, दुसरं आलं, आणि दोन्हींची गोष्ट बरीचशी माजघरातलीच आहे.

शहराचा परकोट अजून बराचसा उभा आहे. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी इथे हलवली, परकोटाचा पाया घातला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला, असं सांगतात. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे. शिवाय चोर खिडकी, मसण खिडकी, विठोबा खिडकी अशा पाच खिडक्या. बुरुजांवर झाडोरा आणि भोवती कचरा अशी या तटाची दशा होती. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या मंडळींनी सकाळी सकाळी फावडी घेऊन तो साफ करायला घेतला. आता बऱ्याच ठिकाणी तटावरून चालता येतं. एका हाताला शहर, दुसऱ्या हाताला झरपट नदी आणि लांब औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सगळ्यांत देखणी बीरशहाची. ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने. चंद्रपूरकर अभिमानाने सांगतात की नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली इमारत जगाला ठाऊक आहे, बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली बघायची तर इथे या. बीरशहाची कहाणी मात्र समाधीइतकी शांत नाही. त्याची मुलगी देवगडच्या घराण्यात दिली होती. जावई दुर्गपालाने तिचा अपमान केला. बीरशहा फौज घेऊन गेला, जावयाचं डोकं कापून आणलं आणि महाकालीपुढे ठेवलं. ही परंपरागत कथा. इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ती इथल्या लोकांच्या तोंडून टिपून घेतली. पुढे बीरशहा दुसऱ्या लग्नाला उभा राहिला, तेव्हा त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या रजपुताने त्याचा खून केला. मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या नात्यातला लहानगा रामशहा दत्तक घेतला, तो मोठा होईपर्यंत राज्य चालवलं आणि महाकालीचं देऊळ बांधलं. चैत्रात त्या देवळासमोर आजही मराठवाड्यातून माणसांचे लोंढे येतात.

हिराई कारभार बघत होती त्याच सुमाराला, १७१४ मध्ये, हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज लंडनला पोचला. सोबत बायको नव्हती. तिचा प्रियकर १६९४ मध्ये कायमचा बेपत्ता झाला आणि तिला आल्डेनच्या गढीत कोंडण्यात आलं. १७२६ मध्ये ती तिथेच मेली. तेव्हा चांद्याच्या राजाने जावयाचं डोकं कापलं म्हणून नाक मुरडण्याआधी युरोपातल्या सुसंस्कृत दरबारांकडे एक नजर टाकलेली बरी. फरक इतकाच, की विधवेच्या हातात राज्य आल्यावर चांद्यात मंदिर आणि समाधी उभी राहिली.

रामशहानंतर नीलकंठशहा आला आणि गोंडांचं राज्य त्याच्याबरोबर बुडालं. १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. त्या किल्ल्यावर मी दुपारी पोचलो. बल्लारपूर म्हटलं की लोकांना कागद कारखाना आणि रेल्वे जंक्शन आठवतं. किल्ला वर्धा नदीच्या काठावर आहे, एकामागे एक काटकोनात वळणारे दोन दरवाजे आहेत आणि आत बरंचसं मोकळं आवार. आपल्या पूर्वजांच्या जुन्या राजधानीत कैदी म्हणून राहायचं, यापेक्षा क्रूर विनोद गिलरेलाही सुचला नसता.

भोसल्यांच्या हाती आल्यावर चांद्याच्या नशिबी एक वेगळीच भूमिका आली: धाकट्यांची सोय लावण्याची. पहिल्या रघूजींचे चार मुलगे. जानोजी वयाने मोठे, तर मुधोजी थोरल्या राणीचे. दोघांचाही हक्क, म्हणून दोघांचंही भांडण. शेवटी जानोजींना गादी आणि मुधोजींना चांदा. पण जानोजी गेल्यावर भाऊबंदकी पुन्हा पेटली आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या गोळीने भाऊ साबाजी पडला. पुढच्या पिढीत चांदा पुन्हा धाकट्याकडे, दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजींकडे. इंग्लंडचा राजा धाकट्या मुलांना यॉर्क, क्लॅरेन्स, केंट अशा पदव्या देऊन गप्प बसवी. तिथे पदवीबरोबर फौज आणि मुलूख मिळत नसे, म्हणून ते राजपुत्र नटींच्या नादी लागत आणि सावकारांच्या दारी जात. इथे मुलूख मिळे, त्यामुळे भांडणं तलवारीने होत.

व्यंकोजींचे चिरंजीव म्हणजे अप्पासाहेब. इथून पुढे लंडन आणि नागपूर इतके एकमेकांसारखे दिसायला लागतात, की पुस्तकाची पानं उलटताना कुठला दरबार बघतोय ते विसरायला होतं. लंडनमध्ये तिसरा जॉर्ज वेडा आणि पुढे आंधळा होऊन विंडसरमध्ये बंद. १८११ पासून त्याच्या नावाने थोरला मुलगा रीजंट म्हणून कारभार करणारा. नागपुरात १८१६ मध्ये दुसरे रघूजी गेले. त्यांचा मुलगा परसोजी अंध आणि पंगू. त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा? राजवाड्यात बाकाबाई, रघूजींच्या राणी, एका बाजूला आणि चुलतभाऊ अप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. अप्पासाहेब जिंकले, कारण त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. मग १८१७ च्या सुरुवातीला ते तातडीचं काम काढून चांद्याला आले. ते इथे असतानाच, १ फेब्रुवारीला, परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. गळा आवळला होता, हे पुढे बाहेर आलं. चांदा असा कामाला आला: खुनाच्या रात्री आपण दुसरीकडे होतो हे दाखवायला.

लंडनचा रीजंट खुनी नव्हता. खादाड, कर्जबाजारी आणि नटवा होता. गिलरेने १७९२ मध्येच त्याला जेवून फुगलेला, काट्याने दात कोरत खुर्चीत पसरलेला काढला होता. पुढे जॉर्ज क्रुकशँकने त्याला इतकं छळलं, की १८२० मध्ये राजेसाहेबांना अशोभनीय स्थितीत न रंगवण्याच्या बोलीवर त्याला १०० पौंड देण्यात आले. पैसे घेऊन गप्प बसणं ही तिथली रीत. अप्पासाहेबांवर कोणी चित्र काढलं असतं तर त्याला पौंड मिळाले नसते.

आता तारखा बघा. ६ नोव्हेंबर १८१७ ला रीजंटची एकुलती मुलगी शार्लट बाळंतपणात गेली. म्हाताऱ्या राजाची १२ मुलं हयात, आणि औरस नातवंड एकही नाही. ही बातमी गलबतातून इकडे यायला काही महिने लागणार होते. तोवर, २४ नोव्हेंबरला, अप्पासाहेबांनी समारंभ मांडला: पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारण्याचा. रेसिडेंट जेंकिन्सलाही आमंत्रण. पेशवे इंग्रजांशी लढत असताना त्यांची वस्त्रं अंगावर चढवायची आणि इंग्रज वकिलाने ती बघायला यायचं! दोन दिवसांनी सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब हरले, पुढे पकडले गेले. पेशवे बाजीराव त्यांच्या मदतीला चांद्याकडे येत होते, त्यांना कर्नल ॲडम्सने १७ एप्रिल १८१८ ला पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठलं. मग तोफा चांद्याच्या तटाकडे वळल्या.

मे महिन्यातला चांदा. ज्याने इथला उन्हाळा काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. २० मे १८१८ ला तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. किल्लेदार गंगासिंह लढताना पडला. आठवडाभर आधीच अप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले होते. ते महादेवाच्या डोंगरात गेले आणि शेवटी १८४० मध्ये जोधपूरला वारले. ज्या चांद्याने त्यांच्यासाठी तट झुंजवला तिथे ते परतले नाहीत. आणि चांदा पडल्यावर नऊच दिवसांनी, २९ मे ला, केंटच्या ड्यूकने जर्मनीत कोबुर्गला घाईने लग्न उरकलं. वारस द्यायची शर्यत लागली होती, त्यात कर्जं फिटण्याचीही आशा. पन्नाशीतल्या राजपुत्रांची ही बोहल्यावर चढायची धावपळ लंडनच्या चित्रकारांना दिवाळीसारखी होती. वर्षभरात त्या लग्नाची मुलगी जन्मली. व्हिक्टोरिया.

तिच्या अमदानीत भोसल्यांवरही तीच पाळी आली. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला निपुत्रिक वारले. हिराईने जसा रामशहा आणला तसं दत्तकाचं बघता आलं असतं, पण डलहौसीने दत्तक मानला नाही. चांद्यासह राज्य खालसा झालं. इंग्लंडच्या गादीला वारस हवा होता तेव्हा तीन-तीन ड्यूकांना बोहल्यावर चढवून सवड दिली. नागपूरच्या गादीला कागदावरच्या एका सहीने निरोप.

चंद्रपूर सोडण्याआधी तुरुंगाच्या बाजूने गेलो. इंग्रजांविरुद्ध उठलेले, अहेरीकडच्या मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला इथे फाशी दिलं. अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा देशभर वाचला गेला: कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू. बाबूरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता. त्यांच्या कुळातल्या आत्राम घराण्याचा राजवाडा अहेरीत आहे आणि माणसं अजून त्यांना 'राजे' म्हणतात. निवडणुकीतही.

मूल, गडचिरोली, आरमोरी करत वडशाला पोचेपर्यंत अंधार झाला. जंगल संपलं की धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की पुन्हा जंगल. वडशाच्या रस्त्यावर नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आणि त्यांचे भडक फलक. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. आम्ही गेलो त्या गावातल्या नाटकात कुठल्याशा संस्थानच्या राजाचा दरबार होता. राजा खलनायक, त्याची कर्जं फेडायला त्याला मुलीचं लग्न लावायचंय, आणि सगळा वेळ हशा घेत होता तो दरबारातला नकल्या. राजाच्या तोंडावर तो झाडीबोलीत जे बोलत होता, त्यासाठी लंडनमध्ये १०० पौंड मिळाले असते. परतताना आमचा चालक म्हणाला, "राजाले सरळ बोलता येत नाही ना जी. मंग नकल्या ठेवा लागते."

मी त्याला नागपूरच्या मारबतीबद्दल विचारलं. पोळ्याच्या पाडव्याला निघणारी काळी मारबत म्हणजे बाकाबाई, हे त्याला ठाऊक होतं. इंग्रजांना मिळाली म्हणून, तो म्हणाला. १८८१ पासून हा पुतळा निघतो, गावाबाहेर नेऊन जाळला जातो, सोबत त्या वर्षीच्या भ्रष्ट पुढाऱ्यांचे आणि महागाईचे बडगे. इंग्लंडच्या काचेतल्या चित्रांना तोडीस तोड असा हा आपला रस्त्यावरचा दरबार. पण आरोपी निवडताना लोकांनी थोडा अन्याय केला, असं मला वाटतं. बाकाबाई इंग्रजांच्या कलाने वागल्या, १८५७ मध्येही वागल्या, हे खरंच. मात्र खालसा झालेल्या राजवाड्यातलं सामान इंग्रज लिलावाला न्यायला लागले, तेव्हा ते हलवाल तर वाड्याला आग लावीन, असं बजावणारी म्हातारी तीच होती. सामान तरीही गेलं. आणि चांद्यात बसून चुलतभावाचा गळा आवळवणाऱ्या अप्पासाहेबांचा बडग्या काढायचं आजवर कोणाला सुचलेलं नाही. चालकाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "ते तर इंग्रजाशी लढले ना जी!" आणि आरमोरीच्या फाट्यावर चहासाठी गाडी थांबवली.