हॅण्ड गिअर की फ्लोअर गिअर? मधल्या जागेचा इतिहास

१/
गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या खांबाला असावा की पायाजवळ, जमिनीतून वर आलेला? प्रश्न मेस्त्रीचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात अमेरिकेतील कारखाने, दुसरे महायुद्ध, मुंबईची टॅक्सी आणि पुण्याच्या मार्केट यार्डातील हमाल असे सगळे येऊन बसतात. गेले तीन महिने आमच्या घरात या एकाच प्रश्नावरून वाद सुरू आहे. त्यानिमित्ताने हा धागा.

२/
वादाचे कारण म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातील आमच्या गाळ्यामागे ताडपत्रीखाली उभी असलेली १९५० सालची शेव्हरोले पिकअप. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली होती. भवानी पेठ आणि नाना पेठेतला घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीला आला, त्याबरोबर तीही आली. आता काकांनी तिला पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले आहे. इंजिन फिरते, हौद्याच्या फळ्या आणि फाळका नवा होतो आहे. काम अडले आहे ते गिअरपाशी. मूळ हॅण्ड गिअर ठेवायचा की फ्लोअर गिअर बसवायचा? घरात इतिहासात एम. ए. करणारी पुतणी असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

३/
आधी यंत्र समजून घेऊ. फ्लोअर गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभा असतो. हात हलला की आतला चिमटा हलतो आणि दोघांच्या मध्ये दुसरे काही नसते. हॅण्ड गिअरमध्ये दांडा स्टिअरिंगखाली असतो. हाताची हालचाल खांबाच्या बाजूने खाली उतरते, दोन लोखंडी कांड्यांतून गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि मग चिमट्याला पोहोचते. प्रत्येक सांध्यात एक बुश. बुश झिजले की दांडा सैल पडतो. फार झिजले तर दोन्ही कांड्या एकदम हलतात, गिअर अडकून बसतो आणि चालकाला भर रस्त्यात बॉनेट उघडून कांड्या हाताने सोडवाव्या लागतात. जुनी फियाट चालवलेल्या कोणालाही विचारा.

४/
मग इतकी भानगड कोणी आणि का केली? १९३८ साली कॅडिलॅकने गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेला. दोनेक वर्षांत बहुतेक अमेरिकन मोटारींनी तेच केले. कारण साधे होते. पुढे एकसंध बाकडे होते आणि त्याच्या ऐन मध्यावर दांडा उभा होता. तो हलवला की चालकाशेजारी एकाऐवजी दोन माणसे बसू शकत. तीन गिअरची रचनाही सोपी होती. दांडा स्वतःकडे ओढून खाली केला की पहिला, ओढून वर केला की रिव्हर्स, पुढे ढकलून वर दुसरा आणि तिथूनच सरळ खाली तिसरा.

५/
मालवाहू गाड्यांत हा बदल उशिरा आला. शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये तीन गिअरचा दांडा १९४८ साली खांबावर गेला. जड कामासाठीच्या चार गिअरच्या गिअरबॉक्सचा दांडा मात्र जमिनीवरच राहिला. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एकाच कंपनीने, एकाच काळात, ओझे ओढणाऱ्याला फ्लोअर गिअर दिला आणि माणसे व माल दोन्ही नेणाऱ्याला हॅण्ड गिअर.

६/
सैन्याचा निर्णय उलट दिशेने गेला. विलीज कंपनीने १९४१ साली तयार केलेल्या सुरुवातीच्या जीपमध्ये, म्हणजे ‘एमए’ या नमुन्यात, गिअर स्टिअरिंगच्या खांबाला होता. पुढे हजारोंच्या संख्येने युद्धावर गेलेल्या ‘एमबी’मध्ये तो जमिनीवर आला. मधल्या प्रवाशाची सोय हा तिथे विषयच नव्हता. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जीप जोडायला घेतली, तेव्हा हाच फ्लोअर गिअर आपल्याकडे आला. म्हणून आपल्या मनात जमिनीवरचा दांडा ‘दणकट’ आणि खांबावरचा ‘घरगुती’ ठरला आहे.

७/
शेव्हरोले भारतात आली ती जनरल मोटर्सच्या शिवडी येथील कारखान्यातून. १९२८ साली तिथे गाड्यांची जोडणी सुरू झाली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी सरकारचे धोरण बदलले. केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्या कंपन्यांना पुढे वाव राहिला नाही आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. मैदानात उरले ते येथेच उत्पादन करण्याचे वचन देणारे. त्यांत सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती.

८/
याच प्रीमियरने १९५४पासून फियाट ११०० आणली, जी पुढे पद्मिनी झाली. तिकडे उत्तरपाड्याहून ॲम्बेसेडर आली. दोहोंत चार गिअर होते आणि चारही खांबावर. त्यामुळे आपल्या दोन-तीन पिढ्या मोटार शिकल्या त्या हॅण्ड गिअरवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा काळ ऑक्टोबर २०२३मध्ये अधिकृतपणे संपला, तेव्हा अनेकांनी तिच्या रंगावर लिहिले. चालकाशेजारच्या बाकड्यावर दाटीवाटीने केलेल्या प्रवासावर मात्र थोड्यांनीच लिहिले. ते बाकडे मोकळे होते ते त्या गिअरमुळे.

९/
पुण्याने तिसरीच वाट पाहिली. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीने जर्मन परवान्यावर तीनचाकी मालवाहू गाडी काढली. पुढे कंपनी आकुर्डीत स्थिरावली आणि ‘टेम्पो’ हे विशेषनाम मराठीत सामान्यनाम झाले. आज मार्केट यार्डात कोणत्याही कंपनीच्या गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात. त्याच सुमारास व्हेस्पाच्या घराण्यातील बजाजची रिक्षा आली. तिचा गिअर डाव्या मुठीत, मूठ पिळायची आणि गिअर बदलायचा. दांड्याची जागा हा प्रश्नच तिथे मिटला.

१०/
मग फ्लोअर गिअर परत आला. १९८६ची टाटा ४०७, २००५ची ‘छोटा हत्ती’ अर्थात टाटा एस, या दोहोंचे दांडे जमिनीवर. चारचे पाच गिअर झाले आणि तेवढे खांबावरून नेमके लावणे जिकिरीचे होऊ लागले. बाकड्यांच्या जागी सुट्या सीटा आल्या आणि मधली जागा राखण्याचे कारण उरले नाही. शिवाय कांड्या आणि बुश यांचा खर्चही वाचला. अखेरच्या काळात खुद्द ॲम्बेसेडरनेही काही गाड्यांत दांडा खाली उतरवला.

११/
आता काकांची बाजू. ती हलकी नाही. “अगं, गाडी चालवायची आहे, आरतीला बसवायची नाही,” हे त्यांचे पहिले वाक्य. आज हॅण्ड गिअर दुरुस्त करणारा मेस्त्री शोधावा लागतो. पुढच्या पिढीत तो मिळणार नाही. घाटात गिअर अडकला तर जबाबदार कोण? आणि जी गाडी भीतीपोटी कोणी बाहेर काढत नाही, ती जपून उपयोग काय? यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते.

१२/
पर्याय चार होते.
• मूळ हॅण्ड गिअर, नव्या बुशांसह.
• तोच तीन गिअरचा गिअरबॉक्स ठेवून त्याला जमिनीवरचा दांडा लावणे. अमेरिकेत हे काम पूर्वापार चालत आले आहे.
• दुसऱ्या गाडीचा चार-पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणे. चालवायला सर्वांत सुखाचा, पण पत्रा कापावा लागतो आणि मागचा प्रोपेलर शाफ्टही बदलावा लागतो.
• ऑटोमॅटिक, खांबावरच्या दांड्यासह. शेव्हरोलेने १९५४पासून पिकअपमध्ये तीही सोय दिली होती. बाकडे वाचते, पण गाडीचा स्वभाव जातो.

१३/
कायदाही पाहिला. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. अशा गाडीचा नियमित वा व्यावसायिक वापर करता येत नाही. म्हणजे ही पिकअप त्या नोंदणीत गेली, तर मार्केट यार्डातले पोते तिच्या हौद्यात पुन्हा कधी पडणार नाही. गिअरच्या दांड्याचा त्या यादीत उल्लेख नाही. तो निर्णय आपल्यावरच सोडलेला आहे.

१४/
माझे म्हणणे मधल्या जागेबद्दल होते. आमच्या घरी आजोबांच्या वह्या आहेत. रोजमेळ, खतावणी सगळे नीट. किती पोती गेली, हमाली किती, पेट्रोल किती, हे पैशांपर्यंत सापडते. कोण कुठे बसले, हे कोणत्याच वहीत नाही. परंतु यार्डातील जुने हमाल सांगतात की या गाडीत हमाल हौद्यात पोत्यांवर बसत नसे. तो पुढे, आजोबा आणि शेतकरी यांच्या मध्ये बसत असे.

१५/
यात आजोबांना समाजसुधारक ठरवण्याचा हेतू नाही. वाटेत टायर बदलायला माणूस हाताशी असावा, पोत्यांवर झोपलेला माणूस घाटात पडू नये, हा हिशेबही त्यात असणारच. तरीही काळ लक्षात घ्या. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना हमाल पंचायतीत संघटित करायला सुरुवात केली ती पन्नाशीच्या दशकात. माथाडी कायदा आला १९६९ साली. शंभर किलोचे पोते पाठीवर वाहणाऱ्या माणसाला मालाचाच भाग समजण्याच्या त्या काळात, मालकाच्या खांद्याला खांदा लागेल अशी जागा त्याला मिळत होती. ती जागा त्या दांड्यामुळे शक्य झाली. या गोष्टीचा आज एकच भौतिक पुरावा उरला आहे, आणि तोच आम्ही कापायला निघालो होतो.

१६/
वाद मिटला तो युक्तिवादाने नव्हे, मोजमापाने. काका स्टिअरिंगवर बसले. यार्डातून निवृत्त झालेले एक हमालबाबा दाराशी बसले आणि मी मध्ये. फ्लोअर गिअरचा दांडा जिथून वर येणार तिथे मेस्त्रीने खराट्याचा दांडा उभा धरला. तो नेमका माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आला. दुसरा गिअर टाकायचा म्हणजे मला पाय आखडून घ्यावे लागणार. हमालबाबा म्हणाले, “मग इथं कुणी बसायचं नाही, असंच ना?” काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुश कातायला दिले.

१७/
काकांच्या भीतीचेही उत्तर द्यायचे होते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरिन सनद स्वीकारली. बदल करावाच लागला तर तो मागे फिरवता यावा, त्याची नोंद राहावी आणि काढलेला मूळ भाग जपावा, असा तिचा आशय आहे. हीच शिस्त आम्ही पाळतो आहोत. प्रत्येक कांडी काढण्यापूर्वी छायाचित्र, प्रत्येक भागाला चिठ्ठी, झिजलेले बुश वेगळ्या डब्यात. नव्या बुशांचे माप आणि गिअर अडकला तर तो सोडवायची रीत वहीत लिहिली आहे. मेस्त्री उद्या नसला तरी वही असेल.

१८/
तुमच्या घरी, शेतावर किंवा वखारीत अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारात देण्यापूर्वी एवढे करा. गिअर कुठे आहे ते पाहा, पुढच्या बाकड्याची रुंदी मोजा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की मध्ये कोण बसत असे. उत्तर मिळाले तर इथे जरूर लिहा. वह्यांमध्ये ते नसते.